लेन्सवाल्याचा लाल डोळा मेडिकलमध्ये नेऊ नका

२०२३ च्या जुलैत आळंदीतल्या शाळकरी मुलांचे डोळे आले आणि बघता बघता पिंपरी-चिंचवड, पुणे, पाठोपाठ सगळ्या महाराष्ट्रात साथ पसरली. त्या पावसाळ्यात घराघरांत एक गोष्ट पक्की झाली. डोळे लाल झाले, चिपडं आली तर घाबरायचं नाही. हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा, मेडिकलमधून ड्रॉप आणायचा, आठवडाभरात उतरतं. ती साथ विषाणूंची होती आणि तिच्यापुरतं हे बहुतांशी खरं होतं. पण कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्या माणसानं हाच हिशेब स्वतःच्या डोळ्याला लावला, तर तो डोळा कायमचा अधू होऊ शकतो. हे आपल्याकडे ठासून कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

दापोडीत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्री शिकलेली आहे, त्यामुळे नंबर काढणं, लेन्स बसवणं आणि डोळा स्लिट लॅम्पखाली तपासणं हे माझं रोजचं काम. या भागात डोळ्यांची काळजी घरातच शिकायला मिळते. माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. डोळ्यात लोखंडाचा कण गेला की शेजारचे एक काका रुमालाच्या टोकानं काढून द्यायचे आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर. पुढे कण काढायला डॉक्टरांकडे जायची सवय लागली, गॉगल आले, कारखान्यांमध्ये सुरक्षेच्या पाट्या लागल्या. लेन्सच्या बाबतीत मात्र आपण अजून रुमालाच्या टोकाच्याच काळात आहोत.

साथ ओसरून बरेच महिने झाल्यावर एक तरुण दुकानात आला. चाकणला एका कारखान्यात ग्राइंडिंगवर कामाला. "ताई, परत डोळे आलेत. मेडिकलमधून ड्रॉप घेतला, दोन दिवस टाकतोय, उतरत नाही." मी बघितलं तर एकच डोळा लाल होता. दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेडही त्याला सहन होत नव्हता, पापणी मिटलेलीच आणि गालावरून पाणी वाहत होतं. मी विचारलं, "लेन्स घालतोस?" तो म्हणाला, "हो, पण काल काढली." म्हणजे दुखायला लागल्यानंतरही एक दिवस ती डोळ्यातच होती.

स्लिट लॅम्पखाली जे दिसलं ते साथीच्या डोळ्यात दिसत नाही. काळ्या बुबुळावर, मध्यापासून जरासा खाली, पांढुरका डाग. कडा पुसट, भोवतालचा भाग धुरकट, आणि वर चिकटून बसलेला पिवळट-हिरवट पू. याला डॉक्टर कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, अल्सर म्हणतात. मी त्याला लेन्सची डबी मागितली. ती बॅगेत होती. झाकणाच्या आट्यांमध्ये काळी रेघ बसलेली, आतून बोट फिरवलं तर पाण्याच्या जुन्या टाकीला आतून लागतो तसा बुळबुळीत थर. डबी रोज धुतोस का विचारलं, तर म्हणाला, "हो ताई, रोज. ड्रमच्या पाण्यानं." त्याचा ड्रॉप बघितला. त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं.

मी दुसरं काहीही न करता त्याला रिक्षात बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, डबी आणि लेन्स बरोबर दिली. तिथे अल्सरवरचा खरवड घेऊन तपासणीला लावला. त्यातही आणि डबीतही सुडोमोनास नावाचा जंतू निघाला. मग दिवसरात्र दर तासाला ड्रॉप. त्याची आई मोबाइलवर तासातासाचा गजर लावून त्याच्या उशाशी बसायची. डोळा वाचला, पण बुबुळावर फूल पडलं ते पडलंच. नंबर कितीही बदलला तरी त्या डोळ्यानं पहिल्यासारखं दिसत नाही, आणि रात्री समोरून गाडी आली की तिचे दिवे पसरून सगळा रस्ता पांढरा होतो.

सुडोमोनास हा काही दुर्मीळ जंतू नाही. ओल जिथे असेल तिथे तो असतो : बेसिनच्या जाळीत, नळाच्या तोंडाशी, साठवलेल्या पाण्यात, मातीत. आपल्या बुबुळावर तो रोजच येऊन पडत असेल, पण सहसा काही करू शकत नाही. अश्रूंमध्ये जंतू मारणारी द्रव्यं असतात, प्रत्येक उघडझापीला पापणी बुबुळ पुसून काढते आणि कॉर्नियाचा वरचा थर सहजी कुणाला आत घेत नाही. हा कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ राहतो. ऑक्सिजन त्याला मुख्यतः समोरच्या हवेतून, अश्रूंमध्ये विरघळून मिळतो. लेन्स घातली की या सगळ्यात अडथळा येतो. लेन्सखालचे अश्रू फारसे बदलत नाहीत, बारीक ओरखडे पडतात, आणि जंतूला लेन्सच्या पृष्ठभागावर ठाण मांडायला जागा मिळते. तिथे तो स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतो. मग त्याच्यावर लेन्स धुवायच्या सोल्युशनचाही नीट परिणाम होत नाही. एकदा का तो कॉर्नियात शिरला, की कॉर्निया ज्या तंतूंनी बनलेला आहे तेच विरघळवणारी द्रव्यं सोडतो. दोन-तीन दिवसांत बुबुळाला भोक पडल्याची उदाहरणं नेत्रवैद्यकात नोंदलेली आहेत. "दोन दिवस ड्रॉप टाकून बघू" म्हणायला इथे दोन दिवस नसतात.

लेन्सवाल्याचा प्रत्येक लाल डोळा म्हणजे अल्सरच, असं मात्र नाही. पुष्कळदा जंतू आत शिरलेलेच नसतात. ते लेन्सवर वाढतात, त्यांची विषारी द्रव्यं खाली झिरपतात आणि डोळा त्याविरुद्ध पेटून उठतो. माणूस लेन्स घालून झोपतो आणि पहाटे लालभडक, दुखऱ्या डोळ्यानं जागा होतो. यावर आपल्याच देशात मोलाचं काम झालं आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर लेन्स घालून झोपणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवलं गेलं. डोळा सुजला की लेन्स काढून तिच्यावरचे जंतू वाढवून बघायचे आणि धडधाकट डोळ्यातल्या लेन्सशी ताडून पाहायचे. सुजलेल्या डोळ्यांतल्या लेन्सवर जंतू जास्त सापडले. त्यात हिमोफिलस इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकॉकस हेही होते, जे एरवी नाका-घशात राहतात. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, सर्दी-खोकला झाला असेल तितके दिवस चष्मा लावा. अशी सूज लेन्स काढली की बहुधा उतरते, आणि नेमकं तेच फसवं आहे. सुरुवातीला आरशात ही सूज आणि खरा अल्सर सारखेच दिसतात. फरक भिंगाखाली कळतो. घरच्यांना कळत नाही, मेडिकलवाल्याला कळत नाही, आणि ठरवायचं मलाही नसतं, डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

आता पाण्याकडे येते, कारण आपल्या शहरापुरती खरी मेख इथेच आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिका एक दिवसाआड पाणी सोडते. मुख्यतः पवना धरणाचं हे पाणी निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं, ते पिण्याला चांगलं असतं. पण पाणी रोज येत नाही म्हटल्यावर ते साठवलं जातं. सोसायटीच्या टाकीत, चाळीतल्या ड्रममध्ये, मोरीतल्या पिंपात. दापोडीतल्या जुन्या वस्तीत तुम्ही कुठल्याही घरात जा, दाराशी निळा ड्रम दिसेल. त्या ड्रमातल्या पाण्यानं भांडी घासावीत, अंघोळ करावी, उकळून प्यावं. लेन्सला मात्र त्याचा थेंबही लागता कामा नये. आणि नळाच्या ताज्या पाण्याचा, आरओच्या पाण्याचा, बिसलेरीच्या बाटलीतल्या पाण्याचाही नाही. पिण्यालायक पाणी निर्जंतुक असतंच असं नाही.

पाण्यात सुडोमोनासहूनही वाईट एक जीव असतो, अकांथअमीबा. हा सुडोमोनाससारखा जिवाणू नव्हे, एकपेशीय जीव आहे. संकट आलं की तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि त्या कवचाला आपल्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काही करत नाही. त्याचा संसर्ग फार कमी लोकांना होतो, पण ज्याला होतो त्याला महिनोन् महिने उपचार लागतात आणि दुखणं असह्य असतं. लंडनच्या आयरीनी एक्केशिस यांना २०११ मध्ये तो झाला आणि त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर त्यांनी एकच मागणी लावून धरली : लेन्सच्या खोक्यावर पाण्याचा नळ खोडलेलं चित्र असलं पाहिजे. तिकडच्या लेन्स-तज्ज्ञांच्या संघटनेनं ती उचलून धरली आणि तशी स्टिकरं निघाली. ते चित्र मला फार पटतं, कारण ते वाचावं लागत नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या लेन्सच्या खोक्यांत जी पत्रकं असतात ती इंग्रजीत, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. मराठी पत्रक मी आजवर पाहिलेलं नाही. मग मी स्वतःच एक कागद छापून घेतला आहे. लेन्स देताना तो वाचून दाखवते आणि डबीबरोबर देते.

सोल्युशनच्या बाबतीत काटकसर ही दुसरी सवय. कालचं सोल्युशन डबीत तसंच ठेवून वर दोन थेंब नवीन टाकायचे. महिन्याचं बजेट आवळत असतं, हे मला कळतं. पण २००६ मध्ये बॉश अँड लॉम्ब कंपनीला आपलं एक सोल्युशन जगभरातून मागे घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युजेरियम या बुरशीचा संसर्ग होत होता. पुढल्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचं सोल्युशन अकांथअमीबामुळे परत मागवलं गेलं. दोन्ही वेळी तपास करणाऱ्यांच्या लक्षात आलं की जुन्या सोल्युशनवर नवं ओतणाऱ्यांना धोका अधिक होता. डबी रोज रिकामी करायची, सोल्युशननंच चोळून धुवायची, स्वच्छ टिश्यूनं पुसून उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांत फेकून द्यायची.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि ती आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्याला सगळ्यात जास्त लागू आहे. फर्स्ट शिफ्टची बस भल्या पहाटे हॅरिस पुलापाशी येते. पोरगा घरून लेन्स घालून निघतो, चाकणपर्यंत बसमध्ये झोपतो. थर्ड शिफ्टवाला सकाळी घरी येऊन तसाच आडवा होतो, कारण हाताला कूलंट लागलेलं आणि डोळे मिटत असतात. हिंजवडीची मुलगी रात्री उशिरा परतताना कॅबमध्ये डुलक्या काढते. डोळा मिटला की कॉर्नियाला मिळणारा ऑक्सिजन आधीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो, पापणीचं पुसणं थांबतं आणि अश्रूंचा प्रवाह मंदावतो. ऑस्ट्रेलियात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, सॉफ्ट लेन्स फक्त दिवसा घालणाऱ्या दर दहा हजारांमध्ये वर्षाला साधारण दोघांना जंतुसंसर्ग झाला. लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये हा आकडा वीसच्या घरात गेला. महागाच्या नव्या लेन्समधून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो, हे खरं आहे. पण त्या घालून झोपणाऱ्यांचा जंतुसंसर्ग त्यानं कमी झालेला नाही. म्हणून दुकानदार "या लेन्सवर झोपलं तरी चालतं" म्हणाला तर त्याचं ऐकू नका.

कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असतात. शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं उभ्यानं सूचना दिल्या जातात. हेल्मेट, बूट, गॉगल यांबरोबर महिन्यातून एकदा त्यात लेन्सचा विषय निघायला काय हरकत आहे? ज्या कामगाराला लेन्स आहेत त्याच्या लॉकरमध्ये त्याच्याच नंबरचा चष्मा आणि कोरडी डबी असावी, एवढंच सांगायचं आहे. ग्राइंडिंगची धूळ डोळ्यात गेली तर त्याला लेन्स काढून काम चालू ठेवता आलं पाहिजे. चष्मा घरी राहिला म्हणून खुपणारी लेन्स आठ तास डोळ्यात ठेवणारी मुलं मी पाहते, आणि दोष एकट्या मुलांचा नसतो.

रंगीत लेन्सबद्दल मात्र मी अधिक कडक बोलणार आहे. लग्नसराईत नवरीच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये 'लेन्ससह' असं लिहिलेलं असतं. राखाडी, हेझल, निळी. डोळ्याची तपासणी नाही, बुबुळाची गोलाई मोजलेली नाही, घालायची-काढायची कशी ते शिकवलेलं नाही. हळदीच्या दिवशी एक बाई बोटानं लेन्स डोळ्यात बसवते आणि रात्री ती काढायला कुणी नसतं. तीच जोडी दुसऱ्या नवरीच्या डोळ्यात गेल्याचंही मी ऐकलं आहे, आणि ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एकीचे जंतू दुसरीच्या डोळ्यात घालण्याचा याहून सरळ मार्ग नाही. २०२४ च्या जुलैत दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी लेन्स घातल्यावर अभिनेत्री जस्मिन भसीनचे डोळे दुखू लागले. तिनं कार्यक्रम पूर्ण केला आणि मग डॉक्टरांकडे गेली, तेव्हा कॉर्नियाला इजा झाल्याचं निघालं. तिच्याजवळ लगेच गाठता येतील असे डॉक्टर होते. आपल्या दापोडीच्या नवरीला पूजा, जागरण आणि पाहुणे आटपल्याशिवाय कोण सोडतं? आणि खरवडलेला कॉर्निया म्हणजे जंतूंना उघडं दार.

अमेरिकेनं २००५ मध्ये कायदा करून नंबर नसलेल्या, निव्वळ शोभेच्या लेन्सही वैद्यकीय उपकरण ठरवल्या. चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत. आपल्याकडेही १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. तरी लेन्स ऑनलाइन नेलपॉलिशच्या शेजारी मिळते. अन्न व औषध प्रशासनानं लग्नसराईच्या तोंडावर ब्यूटी पार्लर आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत जाऊन हे बघावं, अशी माझी मागणी आहे. स्टेरॉइड असलेला डोळ्याचा ड्रॉप चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही हा नियम तर जुनाच आहे. तोही पाळला जात नाही. स्टेरॉइडनं लाली उतरते, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशी किंवा अमीबा असेल तर त्याला मोकळं रान मिळतं.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण पहिली जबाबदारी आमची आहे. गिऱ्हाईक घाईत असतं, "यूट्यूबवर बघून घालतो" म्हणतं, आणि शेजारचं दुकान पाच मिनिटांत डबी हातात देतं. माझ्याकडे मात्र गिऱ्हाइकानं माझ्यासमोर साबणानं हात धुऊन, कोरडे करून, स्वतः लेन्स घातली आणि स्वतः काढली, तरच ती त्याला मिळते. काहींना तासभर लागतो. काहींना त्या दिवशी जमतच नाही, त्यांना मी उद्या बोलावते. मधूनच कुणी वैतागून निघून जातं. जाऊ दे. शिकलेली माणसं चुका करत नाहीत, असं समजायचंही कारण नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०१५ मध्ये लेन्स घालणाऱ्या प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत जवळपास ९९ टक्के लोकांनी किमान एक धोक्याची सवय कबूल केली होती. म्हणून एकदा शिकवून भागत नाही. सहा महिन्यांनी डबी घेऊन बोलवावं आणि तीच बघावी. डबी बघितली की विचारायला फारसं उरत नाही.

लेन्स वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. केराटोकोनसमध्ये बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, तेव्हा चष्म्यानं जे दिसत नाही ते कडक लेन्सनं दिसतं, आणि कॉलेजचा फळा पहिल्यांदा वाचता आल्यावर पोरांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलं आहे. मोठ्या मायनस नंबरवाल्यांनाही लेन्स मोकळेपणा देते. ती जरूर घाला. पण तुमचा लेन्सचा डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा आणि परत घालू नका. मेडिकलची पायरी चढू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. खासगी परवडत नसेल तर पिंपरीत वायसीएम रुग्णालय आहे, पुण्यात ससून रुग्णालय आहे. जाताना लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली न धुता पिशवीत घालून बरोबर न्या, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा की मी लेन्स घालतो.